चिऱ्याच्या भिंतीवर ८३ लाख ठिपके

जूनच्या पहिल्या आठवड्यात वीज पडली ती कुठेतरी लांब कुणाच्या तरी माडावर, आणि मेला आमचा टीव्ही. ३२ इंची होता, रिमोटचं झाकण हरवलेलं, सेल रबरबँडने बांधलेले, पण चालत होता बिचारा. आईने लगेच जाहीर केलं की आभाळ काळं झालं की प्लग काढायचा हे ती वीस वर्षं सांगतेय आणि या घरात तिचं ऐकतंय कोण. त्या दिवशी प्लग काढायची पाळी माझी होती, पण ते जाऊ द्या.

मी हायस्कुलात गणित-विज्ञान शिकवतो. खरा घोटाळा इथेच झाला. दुसरा कोणी असता तर सकाळी कुडाळला जाऊन दुपारच्या जेवणाला टीव्ही घेऊन घरी आला असता, मी मात्र तीन आठवडे अभ्यास केला. रात्री सगळे झोपल्यावर मोबाईलवर व्हिडिओ बघायचे, वहीत लिहून काढायचं. जुन्या टीव्हीत १३६६ गुणिले ७६८ म्हणजे साडेदहा लाख ठिपके होते, फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२ लाख ९४ हजार ४००. जवळजवळ आठपट! मी हे मोठ्या उत्साहात बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, आठपट ठिपके घेऊन त्यात बघणार काय? तीच सासू आणि तीच सून ना?" या प्रश्नाचं उत्तर माझ्या वहीत नव्हतं.

मग क्यूएलईडी की ओएलईडी. क्यूएलईडीत मागे एलईडीचे दिवे असतात आणि त्यांच्यापुढे क्वांटम डॉटचा थर, म्हणजे रंग झकास पण दिवा शेवटी मागेच, त्यामुळे काळा तो किंचित करडा दिसतो. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतःच पेटतो आणि स्वतःच विझतो, म्हणून काळा म्हणजे अगदी अमावास्येचा काळा. हे समजल्यावर मी दोन दिवस ओएलईडीच्या बाजूने होतो, मग किंमत बघितली आणि लक्षात आलं की आपल्याकडे लाईट गेल्यावर असाही हवा तेवढा काळा बघायला मिळतो, तोही फुकट.

शोरूममधल्या पोराने मला एका ओळीत उभ्या असलेल्या बारा टीव्हींसमोर नेलं. बाराही टीव्हींवर एकच पोपट. त्याच्या पिसातलं पीस दिसत होतं, मग मध ओतला जात होता, मग पुन्हा पोपट. शोरूममध्ये सगळे टीव्ही दुकानाच्या मोडवर भडक करून ठेवतात हे मी वाचून गेलो होतो, तरी त्या मधाकडे बघून मी विरघळलोच. पोरगा म्हणाला, "सर, यात एआय आहे." मी विचारलं, एआय करतो काय? तो म्हणाला, "सर, तो सगळं आपोआप करतो." मला वाटलं चला, एकदाचं घरात कोणीतरी सगळं आपोआप करणारं येतंय.

५५ इंची घ्यायचा ठरवला. आता ५५ इंच म्हणजे रुंदी नाही, कर्ण. सोळास नऊ हे प्रमाण, पायथागोरस लावला की रुंदी ४८ इंच आणि उंची २७ इंच, हे मी शोरूमच्या काउंटरवर बिलाच्या मागे करून दाखवलं आणि त्या पोराने पहिल्यांदाच माझ्याकडे जरा काळजीने बघितलं. घरी येऊन मी त्याच मापाचा जुना पेपर जोडून भिंतीवर टेपने चिकटवला, म्हणजे अंदाज यावा. अंदाज काही आला नाही, पण शेजारच्या पडवीतले काका येऊन अर्धा तास उभ्याने तो वाचत बसले आणि जाताना म्हणाले, "मास्तर, ह्यो मार्चचो पेपर."

काकांबद्दल सांगायला हवं. आमचं घर म्हणजे आजोबांनी बांधलेलं जांभ्या चिऱ्याचं, कौलारू, आणि सामाईक. मधे एक भिंत, अलीकडे आम्ही, पलीकडे काका-काकी, चुली वेगळ्या, आणि सातबाऱ्यावर सतरा नावं, त्यातली अकरा मुंबईत. अशा घरात कौल बदलायचं तरी फोन करावा लागतो, इथे तर भिंतीला भोक पाडायचं होतं. त्यात कुठली भिंत? माझा डोळा होता ओटीच्या समोरच्या भिंतीवर, उजेड मागून येत नाही, अंतर सात फूट, सगळं वहीप्रमाणे. आईने एकच विचारलं, "आणि गणपती खय बसतलो?"

विषय संपला. त्या भिंतीला गणपती बसतो, वर माटवी, म्हणजे फळं-पानं टांगलेली लाकडी चौकट, बांधतात, आणि चतुर्थी आली होती दोन महिन्यांवर. टीव्हीच्या पुढ्यात गणपती बसवला तर टीव्ही म्हणजे मखर होणार, आणि माझ्या मुलाला ही कल्पना फारच आवडली, मागे हिमालय दाखवूया म्हणाला, तर आईने त्याच्याकडे असं बघितलं की तो अभ्यासाला बसला.

राहिली डावी भिंत. तिथे पूर्वज होते. पणजोबा, आजोबा, आजी, आणि एक फेटेवाले गृहस्थ जे कोण हे कुणालाच नक्की ठाऊक नाही पण काढायची हिंमतही कुणाला नाही. त्यांना हलवायचं म्हटल्यावर मी मुंबईला फोन लावले. एका चुलत्याला वाटलं मी घर विकायला काढलंय. दुसऱ्याने विचारलं की भोकं किती? मी म्हटलं चार. तो म्हणाला, "चारच ना? मग लिहून दे." आणि मी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर खरोखर लिहून दिलं की मी सामाईक भिंतीस चार भोकं पाडीत आहे, त्याबद्दल भिंतीवर माझा कोणताही जादा हक्क राहणार नाही. काकांनी शेजारच्या खोलीतून त्यावर संमतीचा अंगठा टाकला.

टीव्ही आला छोट्या हत्ती टेम्पोतून. खोका आडवा ठेवायचा नसतो, उभाच आणायचा, नाहीतर पॅनेलवर ताण येतो, म्हणून मी मागे हौद्यात त्याला मिठी मारून बसलो. रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

चार दिवसांनी लावणारा मुलगा आला. सोबत ड्रिल, चार स्क्रू, चार प्लास्टिकच्या गिट्ट्या आणि एक लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा. टीव्हीच्या पाठीवरच्या चार भोकांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये ठरलेलं असतं, त्याला वेसा म्हणतात, हे मी त्याला सांगितलं, त्याने "हो सर" म्हटलं. मग उंची. वहीप्रमाणे सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत स्क्रीनचा मध्य यायला हवा, म्हणजे जमिनीपासून साधारण ४२ इंच. पण आई बसते खाली, विळीसमोर. बायको बघते उभ्याने, येता-जाता. आणि काका बघतात पडवीतल्या झोपाळ्यावरून, दारातून, मधे कोणाचंही डोकं आलं तर ओरडतात, त्यामुळे त्यांना टीव्ही देवळाच्या घंटेएवढा उंच हवा होता. शेवटी सगळ्यांना सारखाच त्रास होईल अशी उंची काढली.

मुलाने ड्रिल लावलं. त्याला सवय सिमेंटच्या भिंतीची, त्याने दोन्ही पायांवर जोर दिला, आणि ड्रिल खरवसात चमचा जावा तसं आत गेलं. चिरा बाहेरून कडक, हवा लागून लागून टणक झालेला, आत मात्र सच्छिद्र, आणि त्यात मातीने सांधे भरलेली जुनी भिंत. तांबडी भुकटी बाहेर आली ती थांबेचना. गिट्टी घातली तर ती गरगर फिरली. मोठी गिट्टी घातली, ती पण फिरली. तिसऱ्या वेळी स्क्रू, गिट्टी आणि मूठभर चिरा असं सगळं एकत्रच त्याच्या हातात आलं. तोपर्यंत तो मुलगा, मी आणि फेटेवाले गृहस्थ (त्यांना खाली उतरवून खुर्चीवर बसवलं होतं) तिघेही शिमग्याला निघाल्यासारखे लाल झालो होतो. भोकं चाराची सात झाली. पलीकडून काका मोजत होते.

"सर, ही भिंत आमच्या अटीत बसत नाही," असं म्हणून त्याने माझी सही घेतली आणि गेला. भिंत ऐंशी वर्षं वादळपाऊस झेलत उभी आहे, तिला आता अटीत बसायचं होतं.

मग गावातले मेस्त्री आले. त्यांनी वही बघितली नाही, वेसा विचारला नाही, बोटाने भिंतीवर टकटक केलं, चिऱ्यांचे सांधे शोधले, खडूने खूण केली आणि म्हणाले, "ह्या भिंतीक स्क्रू चलाचो नाय. आरपार जावक व्हया." दुसऱ्या दिवशी ते फणसाची एक फळी घेऊन आले, चांगली दीड इंच जाड, आणि आट्यांच्या चार सळया. सांधे टाळून चिऱ्याच्या बरोबर मधोमध भोकं पाडली, सळया या बाजूने घातल्या त्या भिंतीतून आरपार पलीकडे स्वयंपाकघरात निघाल्या, तिथे रुंद पत्र्याचा तुकडा आणि नट-वायसर. इकडे फळी, फळीवर सांगाडा, त्यावर टीव्ही. टीव्हीचं वजन जेमतेम पंधरा किलो, पण मेस्त्री स्वतः त्या फळीला लोंबकळून दाखवत म्हणाले, "आता म्हशीक बांधा." मी वहीत डोकं घालून भोकांची बेरीज केली. सात आणि चार, अकरा. ग्रुपवर कळवलं नाही.

स्वयंपाकघराच्या बाजूला चार सळयांची टोकं बाहेर राहिली होती, वीतभर. ती कापूया म्हटलं तर आई म्हणाली असूदेत, आणि संध्याकाळपर्यंत एकीवर गाळणं, एकीवर किसणी, एकीवर दिनदर्शिका आणि उरलेलीवर सोलांची, म्हणजे आमसुलांची, पिशवी लागली.

आणि मग टीव्ही सुरू केला. सगळे जमलेले. पोपट कुठेच नव्हता. सेट टॉप बॉक्सवर आमचे सगळे चॅनल साधे, म्हणजे ५७६ रेषांचं चित्र, ते २१६० रेषांवर ताणलं की काय होणार? बातम्या देणारी बाई भिजलेल्या वर्तमानपत्रातून बघितल्यासारखी दिसत होती. तो एआय बिचारा मधले ठिपके अंदाजाने भरत होता. नेटवरून फोर-के बघायचं तर १५ ते २५ एमबीपीएस लागतात आणि तासाला ७ जीबीपर्यंत डेटा जातो, आणि आमची वायर येते विजेच्या खांबांवरून फणसाच्या फांद्यांतून, फांदी हलली की सिनेमातला हिरो उडी मारता मारता हवेतच थांबतो. जे थोडंफार दिसलं ते इतकं गुळगुळीत हलत होतं की आई म्हणाली, "ह्यां शेजारच्या खळ्यात चललासा काय?" तो मोशन स्मूदिंग नावाचा प्रकार असतो, नसलेल्या फ्रेमा मधे घुसवतो, तो बंद करायला मला सेटिंगमध्ये पाऊण तास लागला. १९९६ च्या वर्ल्डकपला मी कौलांवर चढून अँटेना धरायचो, खालून सगळे ओरडायचे, "इलो... इलो... गेलो!" त्यात निदान मला खालचं कोणी दोष देत नव्हतं, वाऱ्याला देत होते.

मग मुलाला आठवलं. त्याच्या मामाने नव्या फोनवर गेल्या जत्रेचा दशावतार फोर-केमध्ये शूट केला होता, पेनड्राईव्हवर होता. लावला. आणि काय सांगू, अख्खी ओटी गप्प झाली. राजाच्या गालावरून घाम ओघळताना रंगात पडलेली वाट दिसत होती, पेटीवाल्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण दिसत होतं, पहिल्या रांगेतली तीन माणसं झोपलेली दिसत होती आणि त्यातला एक मी होतो. काका झोपाळ्यावरून, काकी दारात. माझं मन भरून आलं. हेच बघायला तीन आठवडे घातले होते.

तेवढ्यात काकी म्हणाली, "थांबव रे जरा."

मुलाने थांबवलं. पुढे राजा तलवार उपसून उभा, आणि मागे डाव्या कोपऱ्यात, हॅलोजनखाली, गुळाच्या खाज्याचं दुकान. जुन्या टीव्हीवर हाच व्हिडिओ आम्ही दोनदा बघितला होता आणि त्या कोपऱ्यातला तपकिरी डाग म्हणजे कुणाची तरी स्कूटर असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. ती स्कूटर नव्हती. ते काका होते. डाव्या हातात कागदाची पुडी, उजवा हात तोंडाकडे, मिशीला गूळ. डॉक्टरांनी गोड बंद करून तेव्हा सहा महिने झाले होते, आणि जत्रेहून आल्यावर काका म्हणाले होते की देवाला नारळ ठेवला आणि तडक परत फिरलो. मुलगा, गाढव, झूम करायला गेला. पुडी अर्धा किलोची होती.

काकी काही बोलली नाही, पदर खोचून आत निघून गेली. काका झोपाळ्यावरून उठले, टीव्हीजवळ गेले, कडेने फळी न्याहाळली, मग भिंत, मग भिंतीवरची भोकं एकेक बोट ठेवून मोजली.

"मास्तर," ते म्हणाले, "चार म्हणान अकरा पाडलंस. माझी संमती नाय. काढ ह्यां सगळा. उद्याच्या उद्या."

मी आईकडे बघितलं. आई स्वयंपाकघराच्या दारात, हातात सोलांची पिशवी. तिने ती सळईवरून ओढून काढली होती आणि इकडे राजा तलवारीसकट एकदा हललाही होता.

"काढा की," ती म्हणाली. "पण आधी माझी सोलां मी खय लावू, ता सांगा भावजी."