गाडीचा स्वभाव की बिघाड?

पहिली गाडी जुनी आणि स्वस्त घ्यावी, या मताची मी आहे. नव्या कोऱ्या गाडीवर हात बसवणारा माणूस रस्त्याकडे कमी आणि बंपरकडे जास्त बघतो. जुन्या गाडीला आधीच चार पोचे असतात, त्यात पाचव्याची भर पडली तर कुणाची झोप उडत नाही. इथपर्यंत बहुतेकांना पटतं. वाद सुरू होतो तो गाडी दारात आल्यावर, पैसे आधी कशावर घालायचे यावरून.

माझ्या भाच्याने अशीच एक गाडी घेतली. लायसन्स नवंकोरं, गाडीने मात्र बरेच पावसाळे पाहिलेले. गाडी आली त्याच संध्याकाळी त्याची यादी तयार होती: सीट कव्हर, मोठ्या स्क्रीनची म्युझिक सिस्टीम, अलॉय व्हील, मागच्या काचेला स्टिकर. मी म्हटलं, ते राहू दे, ब्रेक कसे आहेत? तर म्हणाला, "मस्त आहेत की मावशी. दोनदा दाबला की बरोब्बर लागतो."

दोनदा!

आता पोरगा काही बिनडोक नाही. पण त्याने आयुष्यात चालवलेल्या गाड्या दोन. एक ड्रायव्हिंग स्कूलची, जिच्यात अर्धा ब्रेक शिकवणाऱ्याच्या पायाखाली, आणि दुसरी ही. त्याने तुलना करायची कशाशी? वर्षानुवर्षं वेगवेगळ्या गाड्या चालवलेल्या माणसाला पेडलवर पाय ठेवताच कळतं की इथे काहीतरी गडबड आहे. नवशिक्याला तो गाडीचा स्वभाव वाटतो, आणि तो निमूटपणे त्या स्वभावाशी जुळवून घेतो. गाडी एका बाजूला ओढत असेल तर स्टिअरिंग कायम जरासं तिरकं धरायला शिकतो. क्लच प्लेट झिजलेली असेल, क्लच पार वरती सुटत असेल, तर पाय तसाच बसतो, आणि मग दुसऱ्या कुणाची चांगली गाडी हातात आली की दर चौकात बंद पाडतो. वायपर काचेवर फरांटे ओढत असतील तर अंदाजाने चालवायची सवय लागते. आरसा सैल होऊन थरथरत असेल तर त्यात बघायचंच सोडून देतो. "जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच" असं सांगणारे काका-मामा प्रत्येक घरात असतात. त्यांचं चालतं, कारण त्यांना नीट गाडी कशी चालते हे माहीत आहे. ज्याला माहीतच नाही त्याला हे वाक्य ऐकवू नका.

म्हणून माझा हट्ट असा की गाडीच्या किमतीचा पाव हिस्सा तरी, जमलं तर त्याहून जास्त, विकत घेतानाच बाजूला काढून ठेवावा आणि तो आधी थांबणं, वळणं आणि दिसणं यावर खर्च करावा. गाडी किती पळते ते मग बघू. शोभेचा नंबर सगळ्यात शेवटी.

दोनदा दाबल्यावर लागणाऱ्या ब्रेकचा अर्थ बहुतेक वेळा या दोनपैकी: एक तर ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा शिरली आहे, नाही तर मागच्या चाकाबरोबर फिरणारा ड्रम आणि त्याला आतून घासून थांबवणारा लायनर यांच्यातली फट वाढली आहे. भाच्याच्या गाडीत दोन्ही होतं. शिवाय ब्रेक ऑइल कधी बदललं होतं ते आधीच्या मालकालाही सांगता आलं नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, बाटलीचं झाकण घट्ट असलं तरी रबरी पाइपांमधून तो हळूहळू आत जातोच. डॉट ४ प्रकारचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण त्यात साधारण पावणेचार टक्के पाणी मुरलं की ही हमी १५५ अंशांवर येते. लांब घाट उतरताना सारखा ब्रेक दाबत राहिलं की तेवढी उष्णता होऊ शकते. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल थेट जमिनीला टेकतं. रोजच्या सपाट रस्त्यावर याची काहीही चाहूल लागत नाही, म्हणून तर साधारण दर दोन वर्षांनी ते बदलायचं असतं.

मी त्याला मुद्दाम गॅरेजमध्ये थांबायला लावलं. मिस्त्री मागच्या चाकाशी आडवा, ब्रेकच्या निपलला, म्हणजे ऑइल बाहेर काढायच्या छोट्या तोटीला, पारदर्शक नळी लावलेली, नळीचं दुसरं टोक बाटलीत. भाचा सीटवर. "दाब. सोड. दाब. सोड. दाब, आता धरून ठेव." मिस्त्रीने पाना जरासा फिरवला, नळीतून काळपट तपकिरी ऑइल आलं, मध्ये मध्ये बुडबुडे. पेडल खाली गेलं तसा भाच्याने दचकून पाय उचलायला घेतला. "सोडू नको!" खालून ओरड. निपल उघडं असताना पाय उचलला तर हवा परत आत ओढली जाते, सगळी मेहनत वाया. निपल बंद, मग "हां, आता सोड." चारी चाकांना हेच, ऑइल स्वच्छ फिकट पिवळं येईपर्यंत, आणि मधून मधून बॉनेटखालची ब्रेक ऑइलची बाटली भरत राहायची. शेवटी त्याने पेडल दाबलं. एकदाच. ते अर्ध्याच्याही वर टणक लागलं. माझ्याकडे बघून म्हणाला, "हे असं असतं होय?"

असं असतं.

टायरबद्दल लोक नुसती नक्षी बघतात. ती बघाच. मधल्या खाचांमध्ये आडव्या छोट्या पट्ट्या असतात, नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली, आणि बऱ्याच देशांत कायद्याची मर्यादा तिथेच संपते. ओल्या रस्त्यासाठी मी तर त्याच्या बऱ्याच आधी बदलते. पण जुन्या गाडीत खरी फसगत होते ती वयाची. कमी चाललेल्या गाडीच्या टायरला नक्षी झकास असते आणि रबर मात्र लाकूड झालेलं असतं. टायरच्या बाजूला 'डॉट' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ३११४ म्हणजे २०१४ सालचा एकतिसावा आठवडा. हे आकडे कधी कधी एकाच अंगाला असतात आणि ते अंग नेमकं आतल्या बाजूला आलेलं असतं, तेव्हा टॉर्च घेऊन वाकायची तयारी ठेवा. स्टेपनीचेही बघा. दहा वर्षांच्या वरचा टायर कितीही देखणा असला तरी मी ठेवत नाही. आणि चार नवे टायर घालून अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, न करणं म्हणजे पैसे रस्त्यावर घासून टाकणं. अलाइनमेंटच्या आधी चाकाला धरून ठेवणारे बॉल जॉइंट आणि स्टिअरिंगच्या टाय रॉडची टोकं हलवून बघायला सांगा, ती खिळखिळी असतील तर मशीनवर जुळवलेला कोन चार खड्ड्यांत बिघडतो.

सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा. कडा उसवल्यात का, सोडल्यावर झटकन आत जातो का, हिसका दिल्यावर अडकतो का. आजचा तीन ठिकाणी बांधला जाणारा पट्टा व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये दिला, त्यानंतर गाडीत हजार गोष्टी आल्या, पण माझ्या मते याच्या जवळपास जाणारी एकही नाही. एअरबॅगचं वेगळं प्रकरण आहे. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगमधलं अमोनियम नायट्रेट उष्णतेने आणि दमट हवेने वर्षानुवर्षं खराब होत गेलं, आणि काही गाड्यांत एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडून माणसं मेली. अनेक कंपन्यांच्या मिळून कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि २०१७ मध्ये ताकाताने दिवाळखोरी जाहीर केली. बोलावणं आलं तरी सगळ्या गाड्या गेल्या नाहीत, आणि न गेलेल्या गाड्या हातोहात विकल्या जात राहिल्या. तेव्हा गाडीचा सतरा अक्षरी चॅसिस नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि असं काम राहिलेलं असेल तर कंपनी सहसा फुकट करून देते.

त्याच सुमारास आणखी एक चाचणी. किल्ली फिरवा पण इंजिन चालू करू नका. इंजिन, एअरबॅग, एबीएस, ऑइल असे सगळे दिवे एकदा लागलेच पाहिजेत. एखादा लागलाच नाही तर खूश होऊ नका, कुणीतरी बल्ब काढून ठेवलेला असू शकतो.

हेडलाइट पिवळट पडलेले असतात ते उन्हाने. बाहेरची काच म्हणजे प्रत्यक्षात पॉलिकार्बोनेट, त्यावरचा संरक्षक थर उडाला की ते धुरकट होतं. बारीक पॉलिशपेपर, पाणी आणि कम्पाउंड घेऊन घरी होण्यासारखं काम आहे, फक्त शेवटी उन्हापासून वाचवणारा थर द्यायला विसरलात तर काही महिन्यांत पुन्हा तेच. वायपरचे रबर बदला. झालं.

इंजिनाबद्दल फार लिहीत नाही, कारण त्याबद्दल सगळेच बोलतात. एकच गोष्ट ठासून सांगते: टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह पिस्टनच्या तालावर उघडझाप करवणारा पट्टा. गाडीला बेल्ट आहे की चेन ते आधी विचारा. बेल्ट असेल आणि कधी बदलला याचा लेखी पुरावा नसेल, तर तो बदललेला नाही असंच धरा, मालक कितीही शपथा घेवो. बेल्ट आवाज करून, धूर सोडून इशारा देईलच असं नाही. तो तुटतो, आणि बऱ्याच इंजिनांत त्याच क्षणी पिस्टन जाऊन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात. स्वस्तात घेतलेल्या गाडीचं इंजिन उतरवावं लागलं की तो खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतो. बेल्ट बदलताना त्याच्याच जोरावर वॉटर पंप फिरत असेल तर तोही बदलून घ्या, मजुरी एकदाच पडते. बाकी ऑइल, फिल्टर, कूलंट हे सगळं नव्याने करून त्या दिवसाचं किलोमीटर वहीत लिहा. ऑइलच्या झाकणाखाली पांढरट चिकट थर दिसला म्हणजे हेडगॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधलं, ऑइल आणि कूलंट वेगळं ठेवणारं सील) गेलीच असं घाबरवणारे भेटतील. फक्त जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत ओलाव्यानेही तो थर धरतो. कूलंट कमी होतंय का आणि डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ आहे का, ते बघून मग घाबरा.

गॅरेजमध्ये काय बोलायचं हा खरा शिकण्याचा भाग. नवशिका यूट्यूबवर काहीतरी बघतो आणि जाऊन सांगतो, "ब्रेक पॅड बदला." मिस्त्री पॅड बदलतो, पैसे घेतो, त्रास तसाच राहतो. त्याऐवजी सांगावं, "जोरात असताना ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं, हळू असताना नाही." मग तो डिस्क बघेल. कधी होतं, किती वेगाला, इंजिन गार असताना की तापल्यावर, वळताना की सरळ. इतकं सांगा, काय बिघडलंय ते ठरवणं त्याच्यावर सोडा. गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरचंही तेच. कोड आला की लोक त्या नावाचा सेन्सर बदलून मोकळे होतात. मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय असा कोड येतो तेव्हा सेन्सर बहुधा खरं बोलत असतो आणि कुठेतरी फाटलेल्या रबरी नळीतून जादा हवा आत येत असते. जुने काढलेले पार्ट मागून घ्या आणि हातात धरून बघा. चांगला मिस्त्री याने चिडत नाही. चिडणारा भेटला तर गॅरेज बदला.

स्वतःच्या हाताने काय करावं? एअर फिल्टर, प्लग, बल्ब, वायपर, बॅटरीची टोकं घासणं, टायरची हवा, स्टेपनी बदलणं. चाकाचे नट समोरासमोरचे, चांदणी काढल्यासारखे आवळायचे आणि थोडं चालवून झाल्यावर पुन्हा तपासायचे. ब्रेक आणि स्टिअरिंग मात्र जाणत्या माणसाकडूनच. आणि फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही, कधीही, एका मिनिटासाठीही शिरायचं नाही. खाली स्टँड लावा, नसतील तर काम उद्या करा. यावर मी चर्चा करत नाही.

डेंटिंग-पेंटिंगला माझा विरोध नाही. गंज धरलेली जागा असेल तर ती आधीच करा, विशेषतः दाराच्या खालच्या कडा, जिथे पाणी निघून जायची भोकं मातीने बुजलेली असतात. तार घालून ती मोकळी करायची. बाकी पोचे राहू देत. म्युझिक सिस्टीम तर सुरुवातीचे काही महिने नसलेलीच बरी, कारण गाडी आवाजातूनच बोलते आणि नवशिक्याने ते ऐकायला हवं.

भाचा आधी यावर जाम वैतागला होता. परवा त्याचा फोन आला. "मावशी, साठच्या पुढे घूं घूं आवाज येतो. उजवीकडे वळलो की वाढतो, डावीकडे वळलो की जातो. उजवीकडे वळताना वजन डाव्या चाकावर जातं ना? म्हणजे डावं बेअरिंग गेलंय." मी म्हटलं, असेल, पण खड्डे-उंचवटे पडून झिजलेला टायरही असाच आवाज करतो, आधी पुढचे टायर मागे टाकून बघ. तो म्हणतो चाक उचलून हाताने फिरवून बघितलंय, खरखर लागते. मी म्हणते तरीही टायर फिरवून बघ, त्याला पैसे पडत नाहीत. शनिवारी दोघं गॅरेजला जातोय, तिथेच ठरेल. तुम्हाला काय वाटतं, बेअरिंग की टायर?