दंड लावून मुलं शाळेत राहतील?

सर, नमस्कार. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीची हंगामी वसतिगृहं वाढवा, असं मी लिहिलं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की फुकट जेवू घालून आई-बापांना बेफिकीर करू नका. शाहू महाराजांनी मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना 1 रुपया दंड ठेवला होता, तसा ठेवा.

दंड होता, मान्य. 1917 चा हुकूम. पण प्राथमिक शिक्षण मोफत केलं तेही त्याच हुकुमाने. आणि त्याच्या कितीतरी आधी, 1901 पासून, कोल्हापुरात वसतिगृहं उभी राहत होती. पोर राहील कुठे, खाईल काय, याची सोय महाराजांनी आधी लावली. तुम्ही तेवढा दंड उचललात.

आता बीडकडे या. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, पाडव्याच्या आसपास परततात. मुकादमाची, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराची, उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) पावसाळ्यातच दवाखान्यात, जुन्या देण्यात संपलेली असते. म्हणजे जायचं की नाही, हे ठरवायला उरलेलंच नसतं. पोरं कुणाजवळ ठेवायची, एवढंच ठरवायचं. आजी हिंडती-फिरती असेल तर पोर गावात राहतं, नाहीतर गाडीत चढतं. मग मोठी मुलगी फडाजवळच्या कोपीवर, म्हणजे झोपडीत, धाकट्याला सांभाळते, पाणी भरते. मुलगा वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, गोळा करतो. या बापाने तुमचा दंड भरायचा कुठून? मुकादमाकडे आणखी हात पसरून!

हंगामी वसतिगृहात मूल गावातच नातेवाइकाकडे झोपतं, जेवतं शाळेत. आजीचं दोन वेळचं चुलीपुढचं बसणं वाचतं, म्हणून ती नातवाला ठेवून घ्यायला तयार होते. यात बेफिकिरी कसली?

माझा राग आहे तो मंजुरीच्या उशिरावर. टोळ्या कधी निघतात हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक असताना गाड्या गेल्यावर वसतिगृह सुरू होतं, आणि मग पट कमी म्हणून शेरा! शिक्षणहक्क कायदाही 14 वर्षांपर्यंतच. पुढे मुलीला एकटी मागे ठेवायची भीती वाटते, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी, धरतात, म्हणून लग्न उरकलं जातं. तिच्यासाठी तर रात्रीही राहता येईल असंच वसतिगृह हवं.

तुम्ही मुख्याध्यापक होतात, तुमचा शब्द गावात चालतो. ऑगस्टमध्येच शाळा व्यवस्थापन समितीची बैठक लावायला सांगा, उचल घेतलेल्या घरांतल्या मुलांची यादी करून घ्या आणि प्रस्ताव दसऱ्याआधी पाठवा. त्या यादीत नववी-दहावीच्या मुलीही घ्या.