गाडी चांगली होती म्हणे

फ्रेंच रॅली ड्रायव्हर मिशेल मुटोनचं नाव निघालं की एक शेरा ठरलेला: "क्वाट्रो होती म्हणून जिंकली." क्वाट्रो म्हणजे चारही चाकांवर चालणारी ऑडी.

1982 च्या जागतिक रॅली स्पर्धेचा गुणतक्ता काढून बघा. वॉल्टर रोर्ल 109, मुटोन 97, हानू मिकोला 70. मिकोलाकडेही ऑडी क्वाट्रोच होती, आणि पुढच्याच वर्षी तो जगज्जेता झाला. 1982 ला त्याच्या बऱ्याच रॅल्या अर्धवट राहिल्या, हे खरं. पण मुटोनच्याही राहिल्याच की, माँटे कार्लो धरून.

शिवाय क्वाट्रो म्हणजे बसलं आणि पळवली असली गाडी नव्हे. पाच सिलिंडरचं इंजिन पुढच्या चाकांच्याही पुढे टांगलेलं. नाक जड, त्यामुळे स्टेअरिंग वळवलं तरी गाडी सरळ खड्ड्याकडेच निघते. म्हणून वळणाआधीच ती आडवी करायची: आधी उलट बाजूला झटका, मग वळणाकडे. डावा पाय ब्रेकवर, उजवा ॲक्सिलरेटरवर तसाच दाबलेला. उजवा उचलला की टर्बोचा दाब उतरतो, गाडी क्षणभर मेल्यासारखी होते आणि मग एकदम उसळते. म्हणजे पुढचा रस्ता दिसायच्या आत पाय दाबलेला हवा. तो रस्ता असतो शेजारी बसून वळणं वाचून दाखवणाऱ्या फाब्रिझिया पोन्सच्या वहीत. रेकीत, म्हणजे आधी रस्ता बघून टिपणं काढताना, एका वळणाचा आकडा चुकला तर गाडी झाडावर.

1981 ला इटलीतली सॅनरेमो रॅली जिंकून जागतिक रॅली जिंकणारी ती पहिली स्त्री ठरली. 1982 ला पोर्तुगाल, ग्रीसची अ‍ॅक्रोपोलिस, ब्राझील. रोर्ल त्या वर्षी दोनच जिंकला, पण त्याची मागच्या चाकांवर चालणारी ओपेल अस्कोना जवळजवळ प्रत्येक वेळी शेवटपर्यंत पोचली.

मग आयव्हरी कोस्ट. सुरुवातीच्या तोंडावर वडील गेले, तरी ती उतरली आणि मोठी आघाडीही घेतली. तेवढ्यात गिअरबॉक्सने दगा दिला. तो बदलण्यात आघाडी गेली, आणि वेळ भरून काढताना गाडी रस्त्याबाहेर गेली. रोर्ल जिंकला, जगज्जेताही झाला. मोसमातल्या शेवटच्या, ब्रिटनच्या आरएसी रॅलीत ती दुसरी आली, पण तोवर उशीर झाला होता.

तेव्हा सर्वोत्तम 7 निकालच मोजायचे. आयव्हरी कोस्टला ती पहिली आणि रोर्ल दुसरा आला असता, तर हिशेब होतो 113 विरुद्ध 104. आडवा आला तो त्याच चांगल्या गाडीचा गिअरबॉक्स.