"शक्यता आहे" एवढ्याच निदानावर जगताना

गेल्या जानेवारीतली सकाळ. निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये मी माल तपासणीचं काम करते. प्रीकूलिंगच्या, म्हणजे माल गार करायच्या खोलीतून दोन पेट्या घेऊन बाहेर आले, तर टेबलावर कात्रीने खराब मणी काढत बसलेल्या एक अक्का माझ्या हाताकडे बघून म्हणाल्या, "मॅडम, बोटांना चुना लागलाय का हो?"

चुना नव्हता. उजव्या हाताची दोन बोटं मधल्या पेरापासून टोकापर्यंत पांढरीफटक पडली होती. पांढरं जिथे संपतं तिथे पेन्सिलने आखावी तशी रेघ. त्या बोटांत पेन धरला, पण धरलाय हे कळत नव्हतं. दहाएक मिनिटांनी बोटं जांभळी-निळी झाली. मग रक्त परत फिरलं तशी लालबुंद होऊन अशी ठणकायला लागली की डोळ्यांत पाणी आलं.

डिसेंबर २०१९ पासून मी हे सोसते आहे. आज सविस्तर लिहितेय, कारण हिवाळा तोंडावर आला आहे आणि माझ्यासारखे हात घेऊन गप्प बसलेल्या बायका आपल्या आजूबाजूला आहेत याची आता मला खात्री आहे.

पहिल्या वर्षी सगळ्यांनी एकच सांगितलं: रक्त कमी असेल. हिमोग्लोबिन बारा होतं, तरी तीन महिने लोहाच्या गोळ्या घेतल्या. हळिवाचे लाडू झाले, डिंकाचे झाले, रात्री तिळाच्या तेलाने चोळून झालं. लाडू करून घालणाऱ्यांची माया खरी होती, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती "थंडी काय तुला एकटीलाच वाजते का" या वाक्याची. पहाटे पाचला निफाडच्या थंडीत टाकीच्या पाण्याने भांडी घासणं जमत नाही असं सांगणारी सून कामचुकार ठरते. ते ऐकून ऐकून मीही सांगायचं सोडून दिलं होतं.

त्यातच एकदा हात भाजून घेतला. बोटं पांढरी पडली म्हणून गरम पाण्याच्या पिशवीवर दाबून धरली. बोटांना काही जाणवतच नव्हतं, म्हणून पाणी किती कढत आहे तेही कळलं नाही. संध्याकाळी दोन बोटांच्या टोकांना टरटरून फोड. ते भरून यायला पाच आठवडे लागले, कारण जखम भरायला तिथे रक्त पोचावं लागतं आणि माझी तीच तर अडचण. म्हणून हात जोडून सांगते, अशी बोटं शेगडीवर, हीटरवर, कढत पाण्यात धरू नका. कोमट पाणी घ्या, नाहीतर हात काखेत दाबून धरा, किंवा खांद्यापासून जोरजोरात गोल फिरवा. मी हेच करते.

दुसरा प्रसंग एप्रिल २०२१ चा, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतला. घरात सगळ्यांना ताप, मलाही. ऑक्सिमीटर लावला तर ८४. त्या दिवसांत ८४ आकडा काय होता ते सांगायला नको. नवरा बेडसाठी फोनवर फोन करत होता, सासूबाई देवापाशी बसून राहिल्या. शेवटी एका सिस्टरने फोनवर विचारलं, "हात गार आहेत का? सॅनिटायझर लावलंय का आत्ताच?" दोन्हीचं उत्तर हो होतं. तिने हात ब्लँकेटमध्ये वीस मिनिटं ठेवून दुसऱ्या बोटाला लावायला सांगितलं. ९७ आला. बोटातच रक्त कमी फिरत असेल तर ते यंत्र वाचणार काय? पण हे मला किंवा घरात कुणालाच माहीत नव्हतं. आता कुठल्याही दवाखान्यात गेले की हे मी आधी सांगते.

नाव कळलं ते २०२२ मध्ये, तेही नाशिकच्या एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांकडे. गेले होते चेहऱ्यावरच्या डागांसाठी. त्यांनी बोटं बघितली, नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब टाकला आणि हातातल्या छोट्या भिंगाच्या यंत्राने बघत राहिल्या. नखाच्या कडेला जिथे कातडी संपते तिथे अगदी बारीक केशवाहिन्या असतात आणि त्या बाहेरून दिसतात. निरोगी माणसात त्या केसांच्या पिनांसारख्या ओळीने उभ्या. माझ्या काही फुगलेल्या, काही ठिकाणी ओळीत खंड. त्यांनी विचारलं, "बोटं सकाळी सुजल्यासारखी वाटतात? अंगठी घट्ट होते? जळजळ, घास अडकणं, धाप लागणं?" दोनांची उत्तरं हो होती. इतक्या वर्षांत हे प्रश्न मला कुणी विचारलेच नव्हते.

या प्रकाराला रेनॉ म्हणतात. मॉरिस रेनॉ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्ये तो पहिल्यांदा नीट मांडला. थंडीत सगळ्यांचंच शरीर आतली ऊब जपायला कातडीकडच्या बारीक रक्तवाहिन्या आवळून घेतं. आमच्यात हे आवळणं प्रमाणाबाहेर होतं, आणि त्याला निफाडचीच थंडी लागते असं नाही. फ्रीजमधून दुधाची पिशवी काढली, एसीच्या झोतात बसले, घरात मोठा वाद झाला, तेवढंही पुरतं.

बहुतेकांचं रेनॉ निरुपद्रवी असतं. माझ्या भाचीला आहे, बावीस वर्षांची आहे ती. दोन्ही हातांची बोटं पांढरी पडतात, पण नखाजवळच्या वाहिन्या स्वच्छ, रक्ताची एएनए चाचणी (शरीर स्वतःवरच उलटलंय का याचा इशारा देणारी) निगेटिव्ह, कधी जखम नाही. तिला डॉक्टरांनी सांगितलं, ऊब सांभाळ आणि निश्चिंत राहा. माझं तसं नाही. सुरुवात पस्तिशीनंतर झाली, एएनए १:३२० ला, म्हणजे रक्ताचा नमुना ३२० पट पातळ करूनही, पॉझिटिव्ह आला आणि केशवाहिन्या बिघडलेल्या. म्हणजे यामागे स्वतःच्याच शरीरावर उलटणारा आजार असू शकतो: ल्युपस, कातडी ताठ आणि घट्ट करत नेणारा स्क्लेरोडर्मा, किंवा त्यांच्या जातकुळीतलं दुसरं काही. पुढच्या चाचण्यांत मात्र ठाम काहीच निघालं नाही. संधिवाताच्या डॉक्टरांनी फाईल मिटली आणि म्हणाले, "शक्यता आहे. आज नाव देता येणार नाही. कदाचित कधीच द्यावं लागणार नाही. पण लक्ष ठेवावं लागेल."

मला बोलायचं आहे ते या "शक्यता आहे" बद्दलच. आपल्याकडे माणूस एकतर आजारी असतो, नाहीतर धडधाकट. मधल्या माणसाला जागाच नाही. नातेवाईक विचारतात, "मग काय निघालं?" अजून काही नाही म्हटलं की म्हणतात, "बरं झालं बाई, मनाचेच खेळ सगळे." रजेच्या अर्जात आजाराचं नाव लिहायची एकच ओळ असते, आणि त्या ओळीत लिहायला माझ्याकडे काही नसतं. मी ठामपणे म्हणते की नाव न मिळालेला आजारही आजारच असतो. दर सहा महिन्यांनी मी ब्लडप्रेशर आणि लघवी तपासते, कारण असा आजार मूत्रपिंडावर गुपचूप जातो. वर्षातून एकदा फुप्फुसांची फुंकर मारायची चाचणी आणि हृदयाची टू-डी इको. याचे पैसे जातात, दिवस जातात, आदल्या रात्रीची झोप जाते. हे कुणी मनाचे खेळ म्हणून करत नाही.

दुसऱ्या टोकाचाही मला राग आहे. स्वस्त पॅकेज दिसलं म्हणून काहीच त्रास नसताना एएनए करून घ्यायचा आणि पॉझिटिव्ह आला की रडत बसायचं, हे नको. निरोगी माणसांतही वीसांत एखाद्याचा १:१६० ला पॉझिटिव्ह येतो. आधी लक्षणं, मग डॉक्टरांची नजर, चाचणी त्यानंतर.

औषधाचं थोडक्यात सांगते. रक्तवाहिन्या सैल करणारी निफेडिपिनची गोळी सुरू केली. पहिल्या महिन्यात डोकं धडधडायचं, घोट्यांना सूज यायची. डोस कमी केला, आता फक्त थंडीचे चार महिने घेते. मायग्रेनची, ब्लडप्रेशरची, सर्दीत नाक मोकळं करायची काही औषधं हा त्रास वाढवतात, म्हणून मेडिकलवाल्याला विचारून गोळी घेणं मी बंद केलं. आणि नुसते हातमोजे पुरत नाहीत. छाती-पाठ उबेत असेल तरच शरीर बोटांकडे रक्त सोडतं. सासूबाईंनी यांच्या जुन्या स्वेटरच्या बाह्या कापून मला कोपरापर्यंतचे मोजे शिवून दिले आहेत, बोटांची टोकं उघडी राहतील असे. सहा वर्षांतली माझी सगळ्यात आवडती वस्तू. भांडी आता हे घासतात.

आता अक्कांकडे येते. चुना विचारून त्या थांबल्या नाहीत. दुपारी डबा खाताना जवळ येऊन बसल्या आणि हळूच स्वतःचा हात पुढे केला. बोटांची कातडी ताणून बसवल्यासारखी, चकचकीत, चिमटीतच येईना. तर्जनीच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा खड्डा. मूठ पूर्ण मिटत नव्हती. भाकरीचा घास त्या अगदी लहान लहान मोडत होत्या, मला वाटलं दात दुखत असतील. म्हणाल्या, "तोंडच उघडत नाही हो पहिल्यासारखं." आदल्या हंगामात दुसऱ्या एका ठिकाणी हात चालत नाही म्हणून मुकादमाने त्यांना उद्यापासून येऊ नका असं सांगितलं होतं. त्यानंतर त्या हात पदराखाली ठेवायला लागल्या.

सकाळ-संध्याकाळ मिश्री लावायची सवय. तंबाखूने रक्तवाहिन्या आणखी आवळतात, अशा बोटांना ती विषच आहे. मी त्यांना तसंच सांगितलं. पंचवीस वर्षांची सवय अजून पूर्ण सुटलेली नाही, पण सकाळची बंद झाली आहे.

पॅकहाऊस चालवणाऱ्या सगळ्यांना माझं मागणं आहे: गार खोलीत एकाच बाईला दिवसभर ठेवू नका, पाळ्या बदला. सुके हातमोजे द्या, ओले झाले की बदलून द्या. टेबलाजवळ कोमट पाण्याची बादली ठेवा. परदेशी जाणाऱ्या द्राक्षाच्या घडाला किती अंशांवर ठेवायचं याची नोंद आपण दिवसभर करतो. घड हाताळणाऱ्या बोटांचीही कुणीतरी विचारपूस करायला हवी.

माझी पुढची तपासणी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. अक्कांचा नंबर मी माझ्याच मागे लावला आहे. त्यांना एक दिवसाची मजुरी बुडेल याची काळजी होती, त्याचं आमच्या टेबलावरच्या बायकांनी मिळून ठरवलं. सकाळी आठच्या एसटीने निघायचं, मोज्यांचा दुसरा जोड सासूबाई शिवताहेत.