क्रेडिट बँकेत तास भरता येत नाहीत

गेल्या रविवारी धाकट्या बहिणीचा फोन आला. भाची एफवाय बीएस्सीला आहे, दुसरं सेमिस्टर चालू आहे आणि ती कॉलेज सोडायचं म्हणते आहे. कारण विचारलं तर बहिणीने व्हॉट्सॲपवरचा एक मेसेज पाठवला. तो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर फिरत होता, मी नुसताच वर सरकवला होता. आता घरातल्याच मुलीपर्यंत पोचल्यावर गप्प बसवत नाही.

मेसेजचा सारांश असा: नव्या शैक्षणिक धोरणात १ क्रेडिट (पदवीसाठी विषयागणिक जमा होणारं एकक) म्हणजे १५ तास. मोबाईलवर कुठलाही कोर्स लावा, तास भरा, क्रेडिट आपोआप तुमच्या क्रेडिट बँकेत जमा. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडलात तरी सर्टिफिकेट हक्काचं. जमलेली क्रेडिट आयुष्यभर टिकतात, भावंडांच्या नावेही करता येतात. आणि हे ज्ञान मोजण्याचं जगन्मान्य शास्त्रीय माप आहे. खाली एक नंबर, 'क्रेडिट भरून मिळतील'.

मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणून आधी तासांचंच घेते, कारण सगळ्यात मोठं नुकसान तिथे आहे. १५ तासांचा आकडा हवेतून आलेला नाही, एवढं मान्य. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, डिसेंबर २०२२च्या पदवी आराखड्यात आठवड्याला एक तास लेक्चर, असे पंधरा आठवडे, म्हणजे एक क्रेडिट. पण त्याच आराखड्यात पुढे प्रॅक्टिकलचं आहे: तिथे एका क्रेडिटला आठवड्याला दोन तास, म्हणजे सेमिस्टरला ३०. मेसेज लिहिणाऱ्याने नियम अर्ध्यात तोडला. शिवाय हे झाले वर्गातले तास. २०२३च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाचे १२०० तास आणि ४० क्रेडिट धरलेत, म्हणजे एका क्रेडिटमागे ३० तास. घरचा अभ्यास, जर्नल, असाइनमेंट हे सगळं त्यात आलं.

भाची म्हणाली, "मावशी, टायट्रेशनचा व्हिडिओ मी चार वेळा बघितलाय. त्याचे तास नाही का धरणार?"

नाही धरणार. टायट्रेशन म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबाथेंबाने सोडून त्याचं प्रमाण मोजणं. व्हिडिओत फ्लास्क गुलाबी होतो आणि बघणाऱ्याला वाटतं, जमलं. प्रत्यक्षात ब्युरेटचा, म्हणजे खुणांच्या काचनळीचा, स्टॉपकॉक (तोटी) डाव्या हाताने धरून उजव्या हाताने फ्लास्क हलवत राहावं लागतं. शेवटी शेवटी एकेक थेंब सोडायचा. रंग येतो, हलवला की जातो, पुन्हा येतो. फिकट गुलाबी टिकला तिथे थांबायचं. एक थेंब जास्त पडला की फ्लास्क गडद होतो आणि रीडिंग वाया जातं. मग ब्युरेट परत भरायची. तीन रीडिंग जुळेपर्यंत माझ्या बॅचमधल्या बऱ्याच मुलांचा पहिला तास संपतो. म्हणून एका क्रेडिटला दुप्पट वेळ ठेवलाय. आणि एवढे तास भरूनही परीक्षेत नापास झालं तर त्या विषयाचं क्रेडिट मिळत नाही. नुसत्या हजेरीवर क्रेडिट देण्याची सोय कुठल्याही नियमात नाही.

आता 'आपोआप जमा'. यूजीसीचे जुलै २०२१चे ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे, म्हणजे मेसेजमधल्या 'क्रेडिट बँके'चे, विनियम आहेत. यूजीसीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, फार मोठे नाहीत. त्यात स्पष्ट म्हटलंय की ही बँक विद्यार्थ्याकडून थेट कुठलंही कागदपत्र स्वीकारणार नाही. नोंदणीकृत शिक्षणसंस्थेने पाठवलेली क्रेडिटच धरली जातील. म्हणजे खातं तुमचं, पण भरणा फक्त संस्थेचा. मग तो खाली दिलेला नंबर नक्की काय भरून देणार आहे? ज्यांनी त्याला पैसे पाठवले असतील त्यांनी हे एकच कलम वाचावं.

बाकीचे दावेही तिथेच कोसळतात. क्रेडिट आयुष्यभर टिकत नाहीत, जास्तीत जास्त सात वर्षं. ज्या संस्थेची पदवी हवी, तिथूनच किमान निम्मी क्रेडिट मिळवावी लागतात. एकदा पदवीसाठी वापरलेली क्रेडिट खात्यातून कायमची वजा होतात. भावंडांच्या नावे करण्याबद्दल काय बोलायचं? ताईने दिलेल्या परीक्षेवर धाकटा पास होतो का? ऑनलाइन शिकायला बंदी नाही, 'स्वयम' या सरकारी ऑनलाइन व्यासपीठाचे कोर्स खरंच चालतात. पण सेमिस्टरच्या एकूण कोर्सपैकी ४० टक्क्यांपर्यंतच, आणि तेही संस्थेने मान्य केलेले.

पहिल्या वर्षानंतर बाहेर पडता येतं, हे मात्र खरं आहे. मला ते आवडत नाही, पण खरं आहे. ज्या मुलीचं शिक्षण घरच्या अडचणीने सुटतं तिच्या हातात काहीतरी कागद राहतो, एवढा त्याचा उपयोग मी मानते. पण ते नुसतं हक्काचं नाही: वर्षाची सगळी क्रेडिट पूर्ण हवीत, वर चार क्रेडिटचा व्यवसायाभिमुख कोर्स उन्हाळ्यात करायचा. परत यायचं तर तीन वर्षांत. आणि त्या सर्टिफिकेटवर ना तलाठी भरतीचा अर्ज भरता येतो, ना एमपीएससी राज्यसेवेचा. दोन्हीकडे पदवी लागते. भाचीला सरकारी नोकरीच करायची आहे, आणि मेसेजमध्ये नेमकं हेच नाही.

राहिलं 'शास्त्रीय माप'. याचा उगम अमेरिकेत आहे आणि तो पेन्शनपाशी जातो. पोलाद उद्योगपती ॲन्ड्र्यू कार्नेगींनी १९०५ साली प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी एक कोटी डॉलर दिले. पेन्शन कुठल्या कॉलेजांना द्यायचं हे ठरवायला कॉलेज कशाला म्हणायचं ते ठरवावं लागलं. त्यासाठी अट घातली की प्रवेशासाठी शाळेत १४ 'युनिट' झालेली हवीत, आणि एक युनिट म्हणजे एका विषयाचे साधारण १२० तास. तासांवर शिक्षण मोजायची पद्धत तिथून पक्की झाली. मुलाला काय आलं हे त्यातून कळत नव्हतं आणि आजही कळत नाही. संस्थांना एकमेकींचा हिशोब जुळवायला क्रेडिट उपयोगी आहे. पुण्याहून नागपूरला बदली झालेल्या घरातल्या मुलीचं वर्ष त्यामुळे वाचू शकतं. तेवढ्यासाठी ते मला हवं आहे.

बहिणीकडे गेले तेव्हा भाचीचं डिजिलॉकर उघडून तिचं क्रेडिट बँकेचं खातं बघितलं. पहिल्या सेमिस्टरला ती सगळ्या विषयांत पास आहे, २२ क्रेडिट दिसायला हवी होती. खातं रिकामं होतं. कॉलेजने अजून माहिती चढवलेलीच नाही. तिचा त्या मेसेजवर विश्वास बसला तो यामुळेही: कॉलेज काही भरत नाही, मग तो नंबरवाला तरी भरेल. तिच्या वर्गातल्या कुणाच्याच खात्यात नोंद नाही, असं तिने मैत्रिणींना विचारून सांगितलं. त्या रात्री आम्ही दोघींनी बसून परीक्षा विभागाच्या नावाने अर्ज लिहिला, सोबत गुणपत्रिकेची झेरॉक्स लावली. सोमवारी साडेअकराच्या प्रॅक्टिकलआधी ती तो देऊन आली आणि पोचपावतीचा फोटो मला पाठवला. आता पंधरा दिवसांनी पुन्हा विचारायला जायचं आहे. या वेळी तिच्याबरोबर वर्गातल्या आणखी सहाजणी येणार आहेत.