कुठलं इंग्रजी शिकवणार आहात?

एप्रिल 2025 मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा शासन निर्णय आला आणि 29 जूनला सरकारला त्या विषयावरचे दोन्ही निर्णय रद्द करावे लागले. मधल्या अडीच महिन्यांत सांगलीच्या आमच्या घरच्या ग्रुपवर दुसरा विषयच नव्हता. सक्तीला विरोध करणाऱ्यांच्या बाजूची मी होते, आजही आहे. पण त्या भांडणात एक वाक्य दोन्हीकडून सारखंच येत होतं: इंग्रजी मात्र हवंच, ती जगाची भाषा आहे. त्यावर कुणाचं दुमत नव्हतं, म्हणून त्यावर कुणी बोलतही नव्हतं. 2000 साली रामकृष्ण मोरे शालेय शिक्षणमंत्री असताना मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. तेव्हापासून हे वाक्य आपण तपासलेलंच नाही. मी इंग्लंडमध्ये, लीड्सच्या एका रुग्णालयात नर्स आहे. रोजची 12 तासांची ड्युटी याच भाषेत जाते. पण सगळ्या जगाचं म्हणावं असं एक इंग्रजी मला इथे भेटलेलं नाही.

भारतातून येणाऱ्या नर्सला इथे नोंदणीसाठी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. आयल्ट्स दिली तर वाचन, श्रवण आणि संभाषणात 7, लेखनात 6.5 गुण हवेत. ही परीक्षा सोपी नाही. केरळच्या, महाराष्ट्राच्या मुली दिवसाची नोकरी करून रात्री जागून तिचा अभ्यास करतात. ती पास होऊन वॉर्डात आलं की पहिल्याच आठवड्यात कानावर येतं, ‘शीज व्हेरी पुअर्ली’. शब्दकोशात ‘पुअर्ली’ म्हणजे बरं नसणं, कणकण असणं. इथल्या रुग्णालयात वरिष्ठ सिस्टर गंभीर चेहऱ्यानं हाच शब्द वापरते, तेव्हा पेशंट अत्यवस्थ असतो, नातेवाइकांना बोलावून घ्यायची वेळ आलेली असते. ‘फनी टर्न’ आली असं एखादे आजोबा सांगतात, त्यात गमतीचं काही नसतं. चक्कर, क्षणभर शुद्ध हरपणं, कधी पक्षाघाताची पहिली चाहूलही त्या दोन शब्दांत असू शकते. ‘वॉटरवर्क्स’ म्हणजे लघवीच्या तक्रारी. ‘डाऊन बिलो’ म्हणजे काय ते मराठी बाईला सांगायला नको. ‘द चेंज’ म्हणजे पाळी जाण्याचा काळ. आणि ऐंशी-नव्वदीतल्या आजी अजूनही ‘स्पेंड अ पेनी’ म्हणतात, कारण पूर्वी सार्वजनिक स्वच्छतागृहाच्या दाराच्या कुलपात एक पेनी टाकावी लागायची. आता ती जुनी पेनी गेली, दारं बदलली, आजींचा संकोच तसाच राहिला.

हा फक्त आपल्यासारख्या परक्यांचा प्रश्न नाही. लीड्स ज्या यॉर्कशर भागात आहे, त्याच भागातल्या डॉनकास्टरला वीसेक वर्षांपूर्वी ऑस्ट्रियातून आलेल्या डॉक्टरांसाठी स्थानिक बोलीतल्या शब्दांची यादी छापून द्यावी लागली होती. डॉक्टर हुशार होते, त्यांचं इंग्रजी उत्तम होतं. ‘जिगर्ड’ म्हणजे थकून चूर झालेला, हे त्यांना कुठल्या पुस्तकातून कळणार? लंडनहून आलेला तरुण डॉक्टरसुद्धा इथल्या म्हाताऱ्यांसमोर कधी कधी अडतो.

आता हेच इंग्रजी समुद्र ओलांडून बघा. ब्रिटनमध्ये ‘पिस्ड’ माणूस दारू प्यालेला असतो, अमेरिकेत रागावलेला. ‘पँट्स’ इथे आतून घालायच्या, तिकडे बाहेरून. आपण शाळेत मागायचो तो ‘रबर’ अमेरिकेच्या वर्गात मागायची सोय नाही, तिथे त्याचा अर्थ निरोध. प्रस्ताव ‘टेबल’ करणं म्हणजे ब्रिटनमध्ये तो चर्चेला घेणं आणि अमेरिकेत तो बाजूला ठेवणं. या एका शब्दावरून दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांची लांबलचक वादावादी झाली होती, हे चर्चिलनं स्वतः लिहून ठेवलं आहे. दोघांनाही तो विषय तातडीनं चर्चेला घ्यायचा होता. आपल्या विधिमंडळात आपण ‘पटलावर ठेवला’ म्हणतो तो ब्रिटिश अर्थानं, आणि मराठीत आल्यावर तो इतका आपला झाला की त्याचं मूळ कुणाला जाणवतही नाही.

पण मला सगळ्यात अस्वस्थ करते ती कोरियातली गोष्ट. एप्रिल 1951, इमजिन नदी. ब्रिटिशांच्या ग्लॉस्टरशर रेजिमेंटच्या तुकडीला चिनी फौजांनी वेढलं होतं. ब्रिगेडियर टॉम ब्रॉडी यांनी वरिष्ठ अमेरिकन जनरलला परिस्थिती कळवली ती, असं सांगतात, ‘अ बिट स्टिकी’ या शब्दांत. जरा चिकट झालंय प्रकरण. ब्रिटिश अधिकाऱ्याच्या तोंडी याचा अर्थ असा की आता आमचं काही खरं नाही. अमेरिकन कानाला ऐकू आलं की अडचण आहे, पण निभावतंय. माघारीचा किंवा कुमकेचा निर्णय वेळेत झाला नाही. त्या तुकडीतले थोडेच सुटले, शेकडो युद्धकैदी झाले. लढाईचा निकाल एका शब्दामुळे लागतो असं मी म्हणणार नाही. पण दोघंही जन्मानं इंग्रजी बोलणारे, एकाच बाजूनं लढणारे, आणि मधे दुभाषा नाही म्हणून निर्धास्त असलेले. संकट जितकं मोठं तितका शब्द लहान करायचा, ही ब्रिटिशांची सवय मी वॉर्डात रोज बघते. वेदना किती आहेत विचारलं तर मोडक्या खुब्याची आजी ‘मस्ट नॉट ग्रंबल’ म्हणते, तक्रार कशाला करायची. तिच्या शब्दांवर विसंबून औषध द्यायचं नसतं, तिच्या कपाळाकडे आणि मुठींकडे बघायचं असतं.

माझी मावसबहीण मेलबर्नला असते. तिच्याकडे ‘थाँग्ज’ म्हणजे रबरी सपाता, लंडनमध्ये आणि न्यूयॉर्कमध्ये अंतर्वस्त्र. शेजारच्या न्यूझीलंडमध्ये त्याच सपाता ‘जँडल्स’ होतात. दुपार ‘आर्व्हो’, पेट्रोल पंप ‘सर्व्हो’. जेवायला बोलावताना ‘ब्रिंग अ प्लेट’ म्हटलं तर ताटली नव्हे, काहीतरी पदार्थ करून आणायचा असतो, आणि हे न कळल्यामुळे रिकामी ताटली घेऊन पोचलेल्या नव्या स्थलांतरितांच्या गोष्टी तिकडे घरोघरी सांगतात. दक्षिण आफ्रिकेत सिग्नलला ‘रोबोट’ म्हणतात, आणि ‘जस्ट नाऊ’ येतो म्हणणारा माणूस संध्याकाळीही येऊ शकतो. आपला ‘आलोच’ म्हणून गेलेला माणूस ज्यांना माहीत आहे त्यांना हे पटकन कळेल.

आयर्लंडचे शब्द वेगळ्या कारणानं थांबवतात. उत्तर आयर्लंडमध्ये तीस वर्षं चाललेल्या, सुमारे 3,500 माणसांचा जीव घेतलेल्या हिंसाचाराला तिथे ‘द ट्रबल्स’ म्हणतात. त्रास. आणि दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांना तटस्थ राहिलेल्या दक्षिणेत ‘द इमर्जन्सी’. माझ्या आयरिश सहकारी बाईंच्या तोंडून तो शब्द ऐकला की माझ्या डोळ्यांपुढे 1975 येतं, त्यांच्या डोळ्यांपुढे शिधापत्रिका आणि चहाची टंचाई. शब्द एकच, आणि दोघींच्या घरच्या आठवणी पूर्ण वेगळ्या.

यातला कुठलाही देश आपल्या इंग्रजीबद्दल शरमलेला मला दिसत नाही. सिंगापूरच्या सरकारनं 2000 साली ‘चांगलं इंग्रजी बोला’ अशी मोहीम काढली, तरी तिथली माणसं आपलं सिंग्लिश, म्हणजे तिथल्या वळणाचं इंग्रजी, सोडायला तयार झाली नाहीत. लाज आपल्याकडेच आहे. ‘प्रीपोन’ म्हणणाऱ्याला पुण्यात हसतात. वास्तविक ‘पोस्टपोन’चा उलटा शब्द इंग्लंडला सुचला नाही, आपण तो वापरात आणला, आणि तो आता ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहे. ‘आउट ऑफ स्टेशन’, ‘कझिन ब्रदर’, ‘गुड नेम’ यांच्यावर विनोद फिरतात. ‘गुड नेम’मध्ये आपलं ‘शुभनाव’ आहे, समोरच्याबद्दलचा आदर आहे. तो आदर मला टाकून द्यावासा वाटत नाही.

मात्र भारतीय इंग्रजीतला एक शब्द मी मनापासून नाकारते: ‘ईव्ह-टीझिंग’. रस्त्यात, बसमध्ये मुलींच्या अंगाला हात लावणं, पाठलाग करणं, याला आपण चिडवाचिडवीचं नाव दिलं, आणि मराठीत ‘छेडछाड’ म्हणून तेवढंच हलकं केलं. 2012 साली सर्वोच्च न्यायालयानंच हा शब्द गुन्ह्यावर पांघरूण घालणारा असल्याचं म्हटलं. 2013 मध्ये दंडसंहितेत लैंगिक छळाचं स्वतंत्र कलम आलं. तरी बातम्यांचे मथळे अजून छेडछाडच म्हणतात. आजीचा संकोच राखणारा आडपडदा आणि गुन्हेगाराला लपवणारा आडपडदा, यांत फरक करता यायला हवा. इथल्या प्रशिक्षणात मृत्यूची बातमी देताना नातेवाइकांना ‘डाइड’ असा स्पष्ट शब्द सांगायला शिकवतात. ‘वी लॉस्ट हिम’ म्हटल्यावर सुन्न झालेला माणूस ‘कुठे हरवला?’ असं विचारू शकतो. आपल्याकडचा ‘एक्स्पायर्ड’ मात्र ब्रिटिश नातेवाइकांपुढे वापरू नये असं मी नव्या मुलींना आवर्जून सांगते, कारण इथे तो दुधाच्या बाटलीवरच्या तारखेसाठी वापरतात आणि माणसासाठी तो फार लागतो.

आणि आता मराठीबद्दल, कारण मला सांगायचं आहे ते हेच. आमच्या घरात दिवा विझवत नसत, शांत करत. बांगडी फुटली की ‘वाढली’. कुंकू कधी संपत नसे. निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’. रात्री सापाचं नाव घ्यायचं नाही, ‘लांबडं’ म्हणायचं. गर्भार बाईला ‘दिवस गेले’, पाळीला ‘कावळा शिवला’, शौचाला ‘परसाकडे’, देहान्ताला ‘देवाज्ञा’. अंगावर फोड उठवून माणसं मारणाऱ्या रोगाला ‘देवी आल्या’. ज्या मुलीच्या कानावर हे सगळं पडलं, तिला समोरचा माणूस काय म्हणतोय आणि काय म्हणायचं टाळतोय, यातलं अंतर उपजतच कळतं. ‘फनी टर्न’ ऐकल्यावर ती शब्दाशी थांबत नाही, पुढचा प्रश्न विचारते. मराठी माध्यमातून शिकून आलेल्या, व्याकरणात अडखळणाऱ्या मुली हे लवकर पकडतात, आणि लहानपणापासून फक्त पाठ्यपुस्तकी इंग्रजीवर वाढलेल्यांना वेळ लागतो, हे मी वॉर्डात पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. माझा अनुभव एका रुग्णालयापुरता आहे, पण तो पक्का आहे.

म्हणून ‘नाय’ म्हणणाऱ्या मालवणी मुलाला आणि वऱ्हाडी, अहिराणी बोलणाऱ्या मुलीला वर्गात ‘शुद्ध बोल’ म्हणून गप्प बसवतात, तेव्हा मला राग येतो. एकाच भाषेच्या दोन रूपांत ये-जा करायची सवय त्यांना घरातच लागलेली असते, आणि जगातल्या इंग्रजींमध्ये हीच सवय उपयोगी पडते.

ग्रुपवर आता पुतणीच्या प्रवेशाची चर्चा सुरू आहे. ती पाच वर्षांची आहे. घरातली निम्मी माणसं इंग्रजी माध्यम म्हणतात, आणि वहिनींनी माझं मत विचारलंय, कारण मी ‘तिकडे’ असते. वहिनी, तिला मराठी शाळेत घाला. इंग्रजी ती तिथेही शिकेल, पहिलीपासून आहेच. सुट्टीत तिला महिनाभर आईंकडे ठेवा आणि आईंना सांगा, तिच्याशी त्यांच्या नेहमीच्या भाषेत बोला, तिला कळावं म्हणून शब्द सोपे करू नका. तिला कळलं नाही तर ती विचारेल.