खुलासा: २५२० 'एकमेव' नाही

'१ ते १० या सर्व संख्यांनी निःशेष भाग जाणारी २५२० ही एकमेव संख्या, रामानुजन यांनी शोधलेली' असा संदेश व्हॉट्सॲपवर फिरतोय. एकमेव अजिबात नाही. ५०४०, ७५६०, १००८०... २५२० च्या कुठल्याही पटीला तसाच भाग जातो. २५२० त्यांतली सर्वांत लहान, म्हणजे शाळेतला लसावि: ८ × ९ × ५ × ७. लसावि काढणं प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडलाही येत होतं.

रामानुजन यांचा संबंध वेगळा, आणि खरं तर जास्त रंजक. स्वतःहून लहान प्रत्येक संख्येपेक्षा जिचे विभाजक जास्त, अशा संख्यांवर त्यांचा १९१५ चा शोधनिबंध आहे. २५२० त्यांपैकीच, विभाजक ४८.

आणि त्याच संदेशातलं '७ दिवस × ३० दिवस × १२ महिने = २५२०'? गुणाकार बरोबर, पण त्या हिशेबाने वर्ष ३६० दिवसांचंच भरतं.